मेणातलं बोट

आमच्या खामगावच्या वाचनालयात, काचेच्या पेटीत, कुंकवाचा एक लाकडी करंडा आहे. त्याच्या एका खणात जुनं मेण आहे आणि मेणावर बोटांचे दोन ठसे आहेत. शाळांच्या मुली रांगेनं येतात, काचेला नाक लावून ते ठसे पाहतात. काही बायका चपला दाराशी काढून येतात आणि नमस्कार करतात. त्या दोन ठशांतला जो खोल आहे तो माझ्या करंगळीचा आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दुसरा ठसा कोणाचा ते मला माहीत आहे. तो तिथे का उमटला हे मात्र इतकी वर्षं विचार करूनही नीट कळलेलं नाही. म्हणून गंगूताईंबद्दल लिहायला बसलो आहे. लिहिता लिहिता कळेल, असं वाटतं. कदाचित नाहीही कळणार.

गंगूताई देशमुख मूळच्या दुसरबीडकडच्या. लहानपणीच नवरा गेला आणि त्या खामगावात मामाकडे आल्या, त्या इथल्याच झाल्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. मी हायस्कुलात इतिहासाचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उंच, काटक अंगाच्या. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, आणि डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या आळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत त्या राहायच्या. दुसऱ्या खोलीत सभा राहायची.

‘सभा’ हा त्यांचा शब्द. त्यांच्या लहानपणी गावात एका विधवा बाईंनी बायकांसाठी वर्ग काढला होता. कापसाच्या वखारीमागे दुपारी बायका जमायच्या, अक्षरं गिरवायच्या, कोणी काही वाचून दाखवायचं, आणि हळूहळू बोलायलाही लागायच्या, मुलींच्या लग्नाबद्दल, केशवपनाबद्दल, घरातल्या माराबद्दल. त्या बाईंना गंगूताई ‘थोरल्या बाई’ म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. वर्ग पुढे मोडला, थोरल्या बाई गाव सोडून गेल्या. जाताना सभेचं सामान गंगूताईंकडे ठेवून गेल्या: एक हातघंटा, फुटक्या कोपऱ्यांच्या पाट्या, बायका ज्याच्या आड बसायच्या तो पडदा आणि हा करंडा.

राज्य नवीन झालं होतं. जो तो काहीतरी उभं करत होता. वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं की गावच्या जुन्या वस्तूंची एक खोली करायची, आणि ते काम माझ्या गळ्यात घातलं. कोणीतरी म्हणालं, गंगूताईंकडे बघा. गेलो.

दारातच त्यांनी मला थांबवलं. “बोटं दाखवा.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“बोटं, मास्तर. दोनही हातांची. पोरींची पाहात होतो मी, सुई देण्याआधी. तुमचीही पाहीन.”

मी हात पुढे केले. त्यांनी नखं पाहिली, खडूची पूड पाहिली आणि रांजणाकडे बोट केलं. हात धुऊन, पंच्याला पुसून, ते वाळेपर्यंत ओसरीत बसून मग मला सभेच्या खोलीत प्रवेश मिळाला. पुढे कितीतरी वर्षं हा शिरस्ता एकदाही चुकला नाही. म्हणजे, एकदाच चुकला. ते पुढे येईल.

वस्तू राखायचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते कोणत्या पुस्तकातलं नव्हतं. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून पुरचुंड्या करायच्या, पडद्याच्या घड्यांत ठेवायच्या. भादव्याच्या उन्हात पडदा अंथरायचा, पण उलटा, रंगाची बाजू खाली. दरवर्षी घडी नव्या ठिकाणी घालायची, नाहीतर कापड घडीवर तुटतं. पाट्या कोरड्या मांजरपाटाच्या फडक्यानं पुसायच्या, पण अक्षरं असलेली बाजू नाही. एका पाटीवर कोणा बाईनं अर्धाच गिरवलेला ‘क’ होता. त्याला वारासुद्धा लागू द्यायच्या नाहीत.

पडदा एका जागी टरकन फाटलेला होता. थोरल्या बाई बोलताना एका सभेत पडद्याआडून बाहेर आल्या, तेव्हा घाईत तो खिळ्याला अडकला, अशी हकीकत. मी एकदा सहज म्हणालो, “ताई, तुम्ही शिवणबाई. एवढं शिवून नाही का टाकलं?”

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मीच पडदा फाडला आहे.

“शिवलं का मंग तो नुसता पडदा होते. फाटला म्हणून तर ठेवला.” मग म्हणाल्या, “हात शिवशिवतात, खोटं कायले सांगू? दरसाली सुई काढतो अन ठेवून देतो.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो. नको होतं विसरायला.

करंड्याची गोष्ट अशी. पूर्वी कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं आणि त्यावर कोरडं कुंकू लावायचं, म्हणून करंड्याला दोन खण, एक मेणाचा आणि एक कुंकवाचा. एका संक्रांतीला थोरल्या बाईंनी वर्गाचं हळदीकुंकू केलं आणि त्यात विधवांनाही बोलावलं. सवाष्णी आल्या, पाहिलं, आणि उठून उभ्या राहिल्या. तेव्हा थोरल्या बाईंनी, ज्यांचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं, करंडा उघडला, मेणात बोट रुतवलं आणि पुढ्यात बसलेल्या एका विधवा पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं. सवाष्णी निघून गेल्या. करंडा मिटला तो मिटलाच. पुन्हा त्यात कोणी बोट घातलं नाही. ते शेवटचं बोट मेणात तसंच राहिलं.

गंगूताई झाकण उघडत आणि आपली अनामिका त्या खळग्यावर धरत, न टेकवता, मध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढं अंतर ठेवून. “इथं रुतलं, जरासं थांबलं, अन मंग गेलं. ही कड पाहा, इकडे जास्ती दाबलंय. हात कापत असंन बाईचा.”

एकदा गावातले एक वकील आले होते. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “गंगूताई, हे त्यांचंच बोट, याला पुरावा काय?”

“वकीलसाहेब, तुमच्या लग्नाले मी होतो का?”

“नव्हता.”

“तरी तुमच्या मंडळीले तुमचीच बायको म्हणतो ना मी? मागितला कधी पुरावा?”

वकील पुन्हा आले नाहीत. त्यांची बायको मात्र अधूनमधून येऊ लागली.

मेणाला खरा शत्रू आमचा उन्हाळा. खामगावच्या उन्हात पितळेच्या कड्याला हात लावला तर पोळतो, तिथे मेण काय टिकणार? गंगूताई करंडा पितळी डब्यात घालत, डबा कोऱ्या माठात, आणि माठ ओल्या रेतीत मानेपर्यंत पुरत. होळीपासून मृगापर्यंत रेतीवर रोज पाणी. नळाला धार नसायची, बायका टँकरमागे धावायच्या, आणि या रेती भिजवत बसायच्या. शेजारच्या शांताबाई कुंपणावरून ओरडायच्या, “ताई, माणसाले प्यायले पाणी नाही, अन तुम्ही करंड्याले पाजून राह्यल्या?”

“तुमच्या वाटणीचं नाही पाजत बाई. माझ्या आंघोळीतलं वाचवून पाजतो.”

“मंग वास येते तो तुमचाच का?”

“हाव. करंड्याले नाही येत ना? मंग झालं.”

दोघीही हसायच्या. संध्याकाळी शांताबाईंच्या घरून एक तांब्या यायचा, रेतीसाठी.

खोलीचं उद्घाटन आम्ही वैशाखात ठेवलं. ताईंनी आधीच सांगितलं होतं, “थंडीत करा मास्तर. दिवाळी होऊ द्या.” पण पाहुणे मोठे होते, त्यांना तेव्हाच सवड होती, आणि शाळेला सुट्टी होती. मी म्हटलं, एका सकाळचा तर प्रश्न आहे. त्या सकाळपुरता करंडा द्यायला त्या तयार झाल्या. एकच अट घातली: करंड्यापाशी त्या स्वतः बसतील.

सकाळी वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या. करंड्याच्या टेबलाशी, पहिल्या रांगेच्या टोकाला, ताई येऊन बसल्या होत्या. वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब मला बाजूला घेऊन गेले. भला माणूस. आवाज खाली करून म्हणाले, “मास्तर, पाहुण्यांच्या मंडळी पहिल्या रांगेत आहेत. ओटी भरायची आहे. गंगूताईंचं म्हणजे... माझ्या मनात काही नाही हो. पण बायका बोलतात. तुम्ही जरा समजून सांगा.”

कोणत्या वस्तूसाठी कोणाला उठवतोय, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी इतिहास शिकवत होतो. तरी गेलो. आणि खरं कारण सांगायचीही हिंमत झाली नाही.

“ताई, इथं दारातून झळ येते. मागं खिडकीपाशी बरं पडेल तुम्हाला.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराला वाळ्याचा पडदा होता, त्यावर नुकतंच पाणी मारलं होतं. त्या सभागृहात सगळ्यांत गार जागा तीच होती.

“झळ,” त्या म्हणाल्या. मग उठल्या. “अन करंड्यापाशी कोण?”

“मी आहे ना.”

“हालू नका.”

“नाही हालत.”

जलंबहून येणारी गाडी उशिरा आली. पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली. ऊन चढत गेलं. मी टेबलाशी उभा होतो, खरोखर उभा होतो. मग फोटोग्राफर आला. समितीच्या मंडळींना पायऱ्यांवर घेऊन फोटो काढायचा होता. बापूसाहेबांनी हाक मारली, “मास्तर, या, तुमच्याशिवाय कसं?” मी करंड्याकडे पाहिलं. मग सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि गेलो. तो फोटो अजून वाचनालयात आहे. माझा चेहरा फार प्रसन्न आला आहे.

परत आलो तेव्हा टेबलाभोवती बायकांचा घोळका होता. पाहुण्यांच्या पत्नी, अतिशय गोड स्वभावाच्या बाई, त्यांच्यापुढे उघडा करंडा होता. उघडा करंडा समोर आला की बाईचा हात जे करतो तेच त्यांच्या हातानं केलं होतं. मेणात बोट, कुंकवात बोट, आधी स्वतःच्या कपाळाला, मग शेजारणीच्या. “घ्या हो, थोरल्या बाईंचं कुंकू,” असं म्हणत त्या एकेकीला लावत होत्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मेण लोण्यासारखं झालं होतं. सवाष्णी रांगेनं कपाळ पुढे करत होत्या, आणि शेवटच्या खिडकीशी गंगूताईंना घोळक्याच्या पाठीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

मी कोणाला थांबवलं नाही. थांबवून तरी काय उरलं होतं?

मग सगळे सरबताला गेले. खणात नुसता चिखल झाला होता. मी अंगठ्यानं मेण सारखं केलं. मग करंगळी, कारण माझं तेच बोट बाईमाणसाच्या बोटाएवढं, त्यात दाबली. जराशी थांबवली. एका कडेला जास्त दाब दिला, ताई दाखवायच्या तसा. माझा हात कापत होता, ते नाटक नव्हतं. झाकण लावलं आणि नळावर जाऊन हात धुतले. नखाच्या कडेचं कुंकू निघेना, म्हणून हात मागे बांधून उभा राहिलो.

ताई आल्या. दरवेळी वस्तू परत घेताना त्या आधी माझी बोटं पाहायच्या. त्या दिवशी पाहिली नाहीत. झाकण उघडलं, अनामिका खळग्यावर धरली, न टेकवता. बराच वेळ तशीच धरली. मग म्हणाल्या, “ऊन लई झालं आज.” करंडा पदराखाली घेतला आणि भर दुपारी चालत घरी गेल्या.

त्यांना कळलं होतं का? माझं सगळं गाडं इथेच अडतं. कळलं नसेल, तर बोटं का नाही पाहिली? कळलं असेल, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रेती का भिजवायला लागल्या? माझ्या करंगळीसाठी आंघोळीचं पाणी का वाचवत राहिल्या, उन्हाळ्यामागून उन्हाळे? मी जायचो, हात दाखवायचो, धुवायचो, ओसरीत वाळवायचो. त्या करंडा उघडून शाळेच्या मुलींना सांगायच्या, “इथं रुतलं, जरासं थांबलं...” पुढचं वाक्य आता कधी म्हणायच्या, कधी नाही. हात कापत असंन बाईचा, ते. की म्हणायच्याच, आणि मला ऐकवत नव्हतं?

सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं. एकदा सुरुवातही केली. “ताई, त्या उद्घाटनाच्या दिवशी...”

“च्या घेता का?” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा घेऊन आल्या, समोर बसल्या, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच बोलू लागल्या. “मास्तर, थोरल्या बाईनं ज्या पोरीले कुकू लावलं ना, ते मी होतो. कोणाले सांगितलं नाही आजवर. सांगितलं असतं तर लोकं म्हणते, दाखवा कपाळ.” त्या हसल्या, पण नीट हसू आलं नाही. “गल्लीच्या कोपऱ्यावर गेलो अन पदरानं पुसून टाकलं. मामा बसून होते ओट्यावर. भेव वाटलं. बाईनं गाव सोडलं त्याच्यापायी, अन मी घरापर्यंतही नाही नेलं.”

मी कप खाली ठेवला.

“म्हणून राखतो,” त्या म्हणाल्या. “नाहीतर कायले?”

त्या मला वाट करून देत होत्या का? की मला विश्वासाचा माणूस समजून मनातलं सांगत होत्या? पहिलं असेल तर मी भित्रा ठरलो, आणि दुसरं असेल तर त्याहून वाईट. मी एवढंच म्हटलं, “तुम्ही लहान होता, ताई.” त्यांनी मान हलवली आणि कप उचलून नेला. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

पुढे गुडघे गेले, नजर अधू झाली. दुसरबीडकडच्या पुतण्यानं त्यांना न्यायचं ठरवलं. पडदा, घंटा, पाट्या वाचनालयात आल्या. करंडा त्यांनी शेवटपर्यंत ठेवून घेतला. पौष होता, चांगली थंडी पडली होती. “आता द्यायले हरकत नाही, एसटीवर या,” असा शांताबाईंकडून निरोप आला.

मी पोचलो तेव्हा त्या गाडीत बसलेल्या होत्या, खिडकीशी, कानावरून शाल. मांडीवर पितळी डबा. त्यांच्याकडे पाहिलं आणि मी पुढे जायचा थांबलो. कपाळावर कुंकू होतं. जुन्या पद्धतीचं, मेणावर लावलेलं, गोल, ठसठशीत. शेजारची बाई टक लावून बघत होती. खाली शांताबाई उभ्या होत्या, त्या माझ्याकडे न पाहता पदराला गाठी मारत होत्या. कंडक्टर म्हणाला, “आजी, डोकं आत घ्या.” त्यांनी घेतलं नाही.

डबा खिडकीतून माझ्या हातात दिला. “थंडी आहे तोवर खोलीत नेऊन ठेवा. उन्हाळ्यात रेती.”

“हो ताई.”

“बोटं दाखवा.”

मी डबा शांताबाईंकडे दिला आणि स्टँडवरच्या गर्दीत, माझे विद्यार्थी आजूबाजूला असताना, दोन्ही हात वर केले. त्यांनी खिडकीतून वाकून एकेक बोट पाहिलं. करंगळीवर जरा थांबल्या. थांबल्या असं मला वाटलं. अधू नजरेला एकेक बोट पाहायला वेळ लागतच असेल. गाडी सुरू झाली. हात खाली करायला त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी तसाच उभा राहिलो. मेहकरच्या वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत खिडकीत ते कपाळ दिसत होतं, आणि ते त्यांनी पुसलेलं नव्हतं.

घरी येऊन डबा उघडला. माझ्या ठशाशेजारी एक नवा ठसा होता, उथळ, म्हाताऱ्या बोटाचा. थोरल्या बाईंचं बोट तिथे आहे असं वाटत असतं, तर त्या मेणाला त्यांनी प्राण गेला तरी हात लावला नसता. एवढं मला पक्कं ठाऊक आहे. पण मग वाटतं, आयुष्यभर न टेकवलेलं बोट जाण्याआधी एकदा टेकवावं, असंही कोणाला वाटू शकतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्हीकडून परत येतो.

त्यानंतर वर्षभरात त्या गेल्याची बातमी आली. पेटीत करंड्याखाली मी तेव्हा एक चिठ्ठी ठेवली, माझ्याच अक्षरात: ‘थोरल्या बाईंच्या बोटांचे ठसे’. ती अजून तशीच आहे. उन्हाळ्यात करंडा पेटीतून काढून रेतीत ठेवतो आणि रेती मी भिजवतो. पण एक ठसा माझा आहे आणि एक गंगूताई देशमुखांचा आहे, हे त्या चिठ्ठीवर लिहायचं माझ्याकडे राहिलं आहे.